पंचेचाळिसावी पुडी

प्रिय ठिपक्या,

आपला अर्ज नामंजूर झाला. मंगळवारी दुपारी वकीलबाईंनी फोनवर सांगितलं आणि गुरुवारी निकालाची प्रत टपालाने घरी आली, चांगली अकरा पानी. आपल्या गोळ्यांच्या पुडीचा डाळिंबी रंग आपल्या नावावर ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला नोंदणी कार्यालयाने नकार दिलाय. त्याच निकालात त्या मोठ्या कंपनीचा अर्ज मंजूर झाला. म्हणजे घशाच्या गोळ्यांच्या पुडीवर डाळिंबी रंग वापरायचा हक्क आता त्यांचा. मी दोनदा विचारलं, तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, ताई, तिसऱ्यांदा विचारलंत तरी मी हेच सांगणार.

सहा वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवातच अशी. ख्यालीखुशाली आधी विचारायची असते हे मला कळतं. तुझी बायको बरी असेल, मुलगी आता कॉलेजात असेल. पण इकडचं तिकडचं लिहीत बसले तर मुख्य गोष्ट पुन्हा राहून जाईल. माझी ती खोड तुला माहीत आहे.

तुला ठिपक्या का म्हणतात हे तुला फक्त ऐकून ठाऊक आहे, मला दिसलेलं आहे. मी आठ वर्षांची होते, तू तीन. बाबा आणि छापखान्याचे मास्तर तेव्हा आपल्या मागच्या खोलीत, जिथे अजून गोळ्यांचा साचासुद्धा नीट बसवला नव्हता, तिथे काचेवर शाई कालवत बसले होते. लाल जास्त झाला की बाबा नको म्हणत, काळ्याचा थेंब पडला की आई नको म्हणे. चौथ्या दिवशी दुपारी तिघांपैकी कुणीच नको म्हटलं नाही. मास्तरांनी सुरीने तो रंग तळहाताएवढ्या जाड पुठ्ठ्यावर ओढला आणि खिडकीत वाळत ठेवला. तू स्टुलावर चढून त्याच्या कोपऱ्याला बोट लावलंस आणि तेच बोट कानामागे पुसलंस. आठवडाभर डाग गेला नाही. पुठ्ठ्यावरचा तुझ्या बोटाचा ठसाही बाबांनी तसाच राहू दिला. त्या पुठ्ठ्याच्या कार्डामागे तारीख घालून बाबांनी आणि आईने सही केली, आणि ते पत्र्याच्या डब्यात अंधारात ठेवलं. उजेडात रंग उडतो, म्हणून. छापखान्यातून पुड्यांचा नवा लॉट आला की डबा उघडायचा, पुडी कार्डाशेजारी धरायची, जुळला तर पास. वर्षातून दोनदा, उत्तरेकडच्या खिडकीत, सकाळी अकराच्या सुमाराला. आपल्या घरात एवढी शिस्त दुसऱ्या कशालाच नव्हती.

आपल्या गोळ्यांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. दुकानात माणूस घसा धरून यायचा आणि बोट दाखवायचा. आवाजच बसलेला, नाव काय घेणार. शाळेतल्या बाई, लिलाव पुकारणारे, फेरीवाले, सगळे बोटच दाखवायचे. बाबा म्हणायचे, आपलं गिऱ्हाईक मुकं असतं, म्हणून पुडीने बोललं पाहिजे. तीन वर्षांपूर्वी त्या कंपनीच्या गोळ्या बाजारात आल्या, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मला हाक मारून सांगितलं, अहो, तुम्ही जुनी पुडी परत आणलीत, छान केलंत. मी ती हातात घेतली. मागे त्यांचं नाव होतं. पुढून ती आपली होती, तू घरात होतास तेव्हाची. आणि शेजारी आपली खरी पुडी होती, विटकरी, कोमेजलेली, तिचीच कुणी स्वस्तात नक्कल केल्यासारखी. जुनी गिऱ्हाइकं त्यांच्या पुडीकडे बोट दाखवू लागली. त्यांची काय चूक? त्यांना जो रंग आठवत होता तोच ते मागत होते.

आपला रंग विटकरी कधी झाला ते घरात कुणालाच कळलं नव्हतं. निदान मोठ्याने कुणी म्हटलं नव्हतं. अर्ज करायचं ठरलं तेव्हा वकीलबाईंनी पुरावा मागितला, आणि मी मोठ्या उत्साहाने चपलांची तीन खोकी त्यांच्या टेबलावर ठेवली. प्रत्येक लॉटची पास झालेली एक पुडी, मागे पेन्सिलीने तारीख, एकेचाळीस वर्षांच्या ब्याऐंशी पुड्या. आधी आईने जपल्या, नंतर मी. वकीलबाई म्हणाल्या, असं अशील मिळायला नशीब लागतं. सुनावणीत त्या कंपनीच्या वकिलाने, अगदी तरुण आणि सभ्य मुलगा होता, त्या खोक्यांची परवानगी मागितली आणि लांबलचक टेबलावर सगळ्या पुड्या ओळीने मांडल्या. पंधरा-वीस मिनिटं तो नुसत्या मांडत गेला. कुठल्याही दोन शेजारच्या पुड्या बघ, हुबेहूब. मग त्याने पहिली उचलली, ब्याऐंशीवी उचलली, आणि अधिकाऱ्यांच्या समोर शेजारी-शेजारी ठेवल्या. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला विचारलं, यातला तुमचा रंग कोणता? मी म्हटलं, सगळेच. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं.

त्यांनी रंग मोजायच्या यंत्रावर सगळ्या पुड्यांचे आकडे काढून आणले होते. तेच यंत्र, ज्याचं पत्रक एकोणीस वर्षांपूर्वी तू घरी आणलं होतंस. कार्ड शहरात नेऊन मोजून घेऊ, रंगाचा आकडा लिहून ठेवू आणि त्या आकड्यानिशी नोंदणी करून टाकू, एवढंच तुझं म्हणणं होतं. बाबा म्हणाले, रंग डोळ्यात असतो, साहेब, आकड्यात नसतो. ते तुला साहेब म्हणायला लागले की भांडण ठरलेलं. तू म्हणालास, डोळे म्हातारे होतात. ते तू म्हणायला नको होतं. पण ते खरं होतं. पुढे पाचच वर्षांत मोतीबिंदू झाला. आणखी तीन वर्षांनी काचबिंदू धरला आणि पुड्या पास करायचं काम माझ्याकडे आलं. आता त्यांना फक्त उजेड कुठे आहे ते कळतं. माणूस दारात उभा राहिला तर, कोण आडवं आलं, असं विचारतात.

आकड्यांत असं निघालं की चव्वेचाळिसाव्या पुडीपर्यंत रंग जागचा हललेला नाही. बावीस वर्षं, एकसारखा. पंचेचाळिसाव्या पुडीपासून तो उतरायला लागतो, दर लॉटला नखभर. अधिकाऱ्यांनी पंचेचाळिसावी पुडी उचलून मागची तारीख वाचली आणि विचारलं, यावेळी काय झालं होतं?

उत्तर आमच्या कागदांतच होतं. बाबांनी प्रतिज्ञापत्र सांगितलं होतं आणि मी ते लिहून घेतलं होतं. सही करताना पेन टेकवायची जागाही मीच त्यांचा हात धरून दाखवली. त्यात लिहिलंय की रंगाचा मूळ नमुना त्या सालात अर्जदाराचा मुलगा घर सोडताना घेऊन गेला, त्यानंतर प्रत्येक लॉट मागच्या लॉटच्या पुडीशी जुळवण्यात आला. अधिकाऱ्यांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. तुम्ही तेव्हा घरात होतात, हे लिहिलंय ते बरोबर आहे का? मला शपथ दिलेली होती. मी हो म्हटलं.

आता ते निकालात छापून आलंय, सातव्या पानावर, तुझ्या नावासकट. निकाल कुणालाही वाचता येतो. तुझ्या मुलीला उद्या वाटलं, आपलं आजोळ नाही तर आजोबांचं घर तरी काय होतं बघावं, तर तिला हे सापडेल. तू आत्ता हा कागद चुरगळायला घेतला असशील. थोडा थांब. उरलेलं वाचून मग चुरगळ.

आई गेली तेव्हा तू आलास. फाटकाशी अर्धा तास उभा होतास, शेजारच्या काकूंनी हाताला धरून आत आणलं. बाबा खुर्चीत होते. तेव्हा त्यांना अजून धूसर दिसत होतं. त्यांनी तुझ्या हातांकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, आणलंस? तेरा वर्षांनी मुलगा समोर उभा, आई आतल्या खोलीत निजवलेली, आणि हा प्रश्न. तू म्हणालास, माझ्याकडे नाही, बाबा, कधीच नव्हतं. ते म्हणाले, बरं. आईला पोहोचवून तू परस्पर निघून गेलास, पाणीसुद्धा न पिता. तुमचं ते बोलणं चाललं तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं असेल, ताई तरी काही बोलेल.

कार्ड मी घेतलं होतं.

ज्या दिवशी तुमचं भांडण झालं त्या दुपारी. तू म्हणाला होतास, उद्या मी ते नेतोच, बघू कोण अडवतं. बाबा म्हणाले होते, नेलंस तर परत येऊ नकोस. मला दोघांचाही स्वभाव माहीत होता. मनात आलं, कार्डच जागेवर नसलं तर तू नेणार काय आणि ते घालवणार कशाला. तुम्ही दोघं पानावरून उठायच्या आत मी डब्यातून ते काढलं आणि आईच्या शिवणयंत्राच्या खणात, तळाला अंथरलेल्या कागदाखाली सरकवलं. दोघं निवले की ठेवून देऊ, एवढाच माझा बेत होता. तू निवायला थांबलाच नाहीस. चारच्या बसने गेलास, डब्याला हातही न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा लॉट आला, बाबांनी डबा उघडला. मी शेजारी उभी होते. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण ते आधीच म्हणाले, नेलं त्याने, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे संताप नव्हता रे. त्यांची सुटका झाल्यासारखी दिसत होती. रात्रभर त्यांना वाटत असणार की आपण मुलाला घालवलं. आता मुलगाच चोर निघाला होता. माझ्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. उद्या सांगू म्हटलं. तुझं एका ओळीचं पत्र आलं, माझ्याकडे कार्ड नाही म्हणून, ते त्यांनी फाडलं. त्याचे तुकडे केरात टाकताना पुन्हा म्हटलं, उद्या सांगू.

पुड्या पास करायचं काम माझ्याकडे आलं त्या दिवशी मी शिवणयंत्राचा खण उघडला. अकरा वर्षं झाली त्याला. कार्ड तसंच होतं, आत दिवा लावल्यासारखं. तेव्हाची पुडी शेजारी धरली. बाबांच्या त्या आठ वर्षांतच रंग बराच उतरला होता. पास झालेली पुडी ते खिडकीच्या कठड्यावर ठेवून द्यायचे, सहा महिने तिला उजेड लागायचा, आणि पुढचा लॉट तिच्याशी जुळवायचा. शिवाय डोळे तसले. ते माझ्या हातात होतं रे. एका झटक्यात रंग कार्डावर नेला असता, पण मग कार्ड कुठून आलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, हळूहळू नेऊ, नखभर वर, कुणाला कळणार नाही. पहिल्याच खेपेला रंग नखभर चढवायला सांगितला, तर मास्तरांनी लॉट अडवून ठेवला. चिठ्ठी होती, ताई, हा रंग मागच्या पुडीशी जुळत नाही, तुम्ही पास केलात तरी मी देणार नाही, माझ्या हातून असलं काम जायचं नाही. अख्ख्या गावात एकच प्रामाणिक माणूस आणि तो नेमका आपला छापणारा. त्यानंतर मी नाद सोडला. पुडी पुडीशी जुळवत राहिले. गोळ्या भरणाऱ्या बायका गमतीने म्हणायच्या, ताई, पुड्यांना पण पिकल्या केसांसारखं व्हायला लागलंय का हो? मी हसायचे.

सुनावणीला निघताना कार्ड पर्समध्ये घातलं होतं. आज बोलायचंच असं ठरवून. पर्स पूर्ण वेळ माझ्या मांडीवर होती, दोन्ही हात तिच्यावर. अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा चेन अर्धी उघडलेली होती. बाबा शेजारच्या खुर्चीत, काठीवर हनुवटी टेकून, मी काय म्हणते ते ऐकायला कान लावून बसलेले. मी हो म्हटलं आणि चेन लावली.

निकालानंतर वकीलबाईंना मी विचारलं, समजा कार्ड आता मिळालं तर? त्या म्हणाल्या, उशीर झाला. कार्ड असतं तर एवढंच म्हणता आलं असतं की रंग ठरलेला होता, मधे घसरला, आम्ही तो जागेवर आणतो. कदाचित ऐकलं असतं, कदाचित नसतंही. आता कार्डाने उतरण पुसली जाणार नाही. आणि त्या रंगाची पुडी आज आपण छापली तर नक्कल केली म्हणून तेच आपल्याला न्यायालयात खेचतील. मी काय मनात धरून विचारलं ते त्यांना कळलं की काय कोण जाणे, पण त्यांनी मान खाली घालून फाईल बांधायला घेतली. घाऊक व्यापाऱ्यांनी पुढची मागणी दिलेली नाही. बाबांनीच ठरवलं, आहे तो माल पुड्यांत भरायचा आणि थांबायचं. बायकांना मी शनिवारी सांगितलं. कुणी रडलं नाही. एकीने विचारलं, मग उरलेल्या पुड्या घरी न्यायला मिळतील का.

आणि काल मी बाबांना सगळं सांगितलं. शिवणयंत्राचा खण, भांडणाची दुपार, पर्स, सगळं. कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चाचपलं, नाकाशी नेलं, कडेवरून अंगठा फिरवला. पुठ्ठा तो पुठ्ठा, त्यांना काय कळणार. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, लहानपणापासून तू त्याला पाठीशी घालत आलीस, आता कुठला तरी पुठ्ठा आणून तेच करतेस. मी म्हटलं, बाबा, मी शप्पथ सांगते. ते म्हणाले, शप्पथ तू तिथे घेतली होतीस, आणि तिथे तू खरं बोललीस. मग थोड्या वेळाने आपणच म्हणाले, त्याला पत्र लिही. म्हणावं, कार्ड घेऊन ये. मी काही बोलणार नाही. आता काय बोलायचंय.

म्हणून हे पत्र. कार्ड याच पाकिटात आहे, मऊ कागदात गुंडाळलेलं. कोपऱ्यात तुझं बोट आहे, आता तुझ्या करंगळीच्या नखाएवढंही भरणार नाही. तू ते घेऊन आलास तर बाबांना वाटेल की तू परत केलंस, आणि ते तुला माफ करतील. जे तू केलंच नाहीस त्याची माफी. ती घ्यायला ये असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आणि म्हटल्याशिवाय राहवतही नाही, डॉक्टर बाबांचं थंडीपर्यंतचंच बोलतात. आला नाहीस तर ते तुझं आहे, ठेव, फाड, उन्हात टाक. निकालाचं सातवं पान दुरुस्त करायला मी अर्ज लिहिलाय, माझी शपथ खोटी होती म्हणून. वकीलबाई म्हणतात, तुमच्यावरच खटला होईल, पान तसंच राहील. तरी सोमवारी टपालात टाकणार आहे. त्याच दिवशी सकाळी अकराला मास्तर शेवटचा लॉट घेऊन स्वतः येणार आहेत. खिडकीतली खुर्ची पुसून ठेवायला बाबांनी आजच सांगितलंय. मी पुडी त्यांच्या हातात देईन, ते ती उजेडाकडे धरतील आणि विचारतील, जुळला का? आणि मी म्हणेन, जुळला.

तुझीच, तोंड न उघडलेली,
ताई